रिसीव्हर बाजूला ठेव

७ जानेवारी, मंगळवार

आज केंद्रात फायरवॉल आली. काळा चपटा डबा, पुढे हिरवे दिवे. बसवायला आलेल्या माणसाने वायरी खोचल्या, दिवे पेटल्यावर छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, आता तुमच्या इथलं काहीही बाहेर जाणार नाही."

आत्याने त्याला चहा दिला आणि विचारलं, "आणि बाहेरचं आत?"

"तेही नाही."

"मग आम्ही लग्नं कशी जमवायची?"

तो हसला. मीही हसले. आत्या हसली नाही.

एका खूश वरपित्याने ही डायरी दिली आहे. कोरी ठेवली तर पाप लागेल असं आपल्यात काही नसतं, पण वाया घालवणं जिवावर येतं, म्हणून लिहितेय. भोईवाड्यात चाळीच्या तळमजल्यावर एक खोली, बाहेर पाटी 'बौद्ध वधूवर सूचक केंद्र', आत लोखंडी कपाट, कपाटात परळ-नायगाव-शिवडीतली तमाम लग्नाळू जनता, आणि कपाटासमोर माझी आत्या, जाईबाई, निवृत्त शिक्षिका. मी नवरा सोडून परत आले तेव्हा तिने एक प्रश्न विचारला नाही, कपाटाची किल्ली हातात दिली. मी एकच अट घातली होती: माझी फाइल उघडायची नाही. ती अट तिने अजून पाळली आहे.

गेल्या पावसाळ्यात रस्ता खणताना टेलिफोनची केबल तुटली आणि ती शोधायला गेलेली माणसंही परत आली नाहीत. मग मी इंटरनेटचा फोन आणला. नंबर तोच, आणि फोन वाजला की कॉम्प्युटरवर त्या माणसाची फाइल आपोआप उघडते. आत्याने तो सहन केला. मग एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "आमच्या मुलीचे फोटो कुणी चोरले तर?" म्हणून आता फायरवॉल. माझ्या हातून केंद्र एकविसाव्या शतकात येणार असं दिसतंय.

९ जानेवारी, गुरुवार

फोन वाजतो, उचलतो, पलीकडे कुणी नाही. दिवसभर हेच.

आत्याच्या फोनच्या रीती लिहून ठेवते, पुढे संशोधकांच्या उपयोगी पडतील. एक, केंद्र कुणाला फोन करत नाही, ज्याला गरज तो करतो. दोन, फोन उचलल्यावर आत्या तोंड उघडत नाही. ती थांबते. पलीकडून 'जय भीम' आलं की ही खणखणीत 'जय भीम' म्हणते आणि मग बोलणं सुरू. 'नमस्कार' आला तर वीजबिलवाला, 'गुड मॉर्निंग' आलं तर कर्ज देणारी बँक. सगळी वर्षं हीच तिची पारख आहे आणि तिला ती कॉम्प्युटरपेक्षा भरवशाची वाटते. तीन, आवाज आला नाही तर फोन ठेवायचा नाही. रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायचा आणि आपलं काम करायचं. जुन्या काळ्या फोनवर असं केलं की आवाज परत यायचा म्हणे.

तर आज आत्या उचलत होती, थांबत होती, काही येत नव्हतं. "कोणी नाही गं. ठेव बाजूला." मी ठेवत होते. स्क्रीनवर फाइल तर उघडलेली, मग आम्ही ती वाचत बसत होतो. निदान कपाट लावल्यासारखं झालं.

१३ जानेवारी, सोमवार

अजून तेच. घंटी व्यवस्थित, आवाज शून्य. फाइली मात्र नीट वाचून होत आहेत.

राजाराम मोहित्यांचा फोन आला, म्हणजे त्यांच्या मुलाची फाइल उघडली. रिसीव्हर बाजूला. मी म्हटलं, "आत्या, हा मुलगा तेहतीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षीच्या वधूवर मेळाव्यालाही तेहतीस होता. त्याच्या आधीच्याही. याच्या घरी कॅलेंडर लावायची पद्धत नाही वाटतं." आत्या म्हणाली, "बाप लपवतोय. मुलगा बिचारा सरळ आहे."

मग दीपिकाच्या आईचा. तिच्या अपेक्षा: सरकारी नोकरी, स्वतःचा फ्लॅट, उंच, एकुलता एक, आणि 'आम्ही काही मानत नाही हो, पण कोकणातलाच बघा'. मी म्हटलं, "असा मुलगा सरकारने अजून बनवायला घेतलेला नाही. टेंडर निघालं की कळवू." आत्याला हसू आवरेना.

तिसरा विकास गमरे. रे रोडच्या एका गोदाम कंपनीत कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतो. खाजगी नोकरी, त्यामुळे मुलींचे बाप फाइल उघडतात आणि लगेच मिटतात. आवडीनिवडीत त्याने लिहिलंय: 'शांतता.' मी म्हटलं, "हा म्हणजे उपमा. प्रत्येक कार्यक्रमात असतो, मुद्दाम कुणी मागत नाही." आत्या म्हणाली, "मुलगा चांगला आहे." मी म्हटलं, "तेच तर त्याचं दुखणं आहे." रिसीव्हर टेबलावर होता, आवाज काही परत आला नाही. आत्याचा जुना उपाय नव्या फोनला लागू पडत नाही, असं मी तिला समजावून सांगितलं.

१५ जानेवारी, बुधवार

ओळख नसलेल्या नंबरवरून आज लागोपाठ फोन. फाइल उघडली नाही, म्हणजे आमच्याकडे नोंदलेलं कुणी नाही. आत्याने उचलला, थांबली, मग मला म्हणाली, "कोणी नाही. ठेव बाजूला." परत वाजला. "परत तेच. कामधंदा नसेल एखादीला." तिसऱ्यांदा तिने उचललाच नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

तक्रार केली. फोनवाल्या कंपनीत प्रिती नावाच्या मुलीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आमची घंटी पोचते ना? मग प्रॉब्लेम इंटरनेटचा." इंटरनेटवाल्याने वेग मोजला, आनंदित झाला आणि म्हणाला, "एवढ्या स्पीडमध्ये तुम्ही पिक्चर बघू शकता." मला एका बापाचं 'हॅलो' ऐकायचं होतं. त्याने बोट फायरवॉलकडे दाखवलं. फायरवॉलवाला म्हणाला, "दिवे हिरवे आहेत ना? मग प्रॉब्लेम फोनचा." असं वर्तुळ पूर्ण झालं.

एका बाबतीत मात्र तिघांचं एकमत होतं: बंद करून परत चालू करा. हा उपाय मी संसारातही करून पाहिला होता.

२२ जानेवारी, बुधवार

चमत्कार. राजाराम मोहिते स्वतः आले. बसले, पाणी प्यायले, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मुलाचं वय जरा दुरुस्त करायचं होतं. सदतीस लिहा." मी पेन घेतलं आणि सदतीस लिहिलं. ते निघताना दारात थांबून म्हणाले, "मुलगा सरळ आहे हो आमचा." म्हटलं, माहितीय.

दुपारी दीपिकाची आई. "खाजगी नोकरी चालेल. भाड्याचं घर चालेल. देशावरचा असला तरी चालेल. आपण कुठे काय मानतो?" मी मोहित्यांची फाइल पुढे केली. तिने वय वाचलं, सदतीस, आणि म्हणाली, "खरं लिहिलंय, हे बरं वाटलं."

हे सगळं माझ्या नव्या फॉर्मचं यश आहे. 'अपेक्षा वास्तववादी ठेवाव्यात' अशी एक ओळ मी तळाला ठळक छापली होती. लोक वाचतात तर!

२४ जानेवारी, शुक्रवार

फॉर्म बहुतेक सगळ्यांनी वाचला नाही. मेळावा सोळा फेब्रुवारीला, आणि नावनोंदणी गेल्या वर्षीच्या पाव भागही नाही. आज भाजी घेताना एका बाईने मला बाजूला ओढलं. "काय गं, तुझी आत्या जय भीम घेत नाही म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच. शिवडीपर्यंत बोभाटा झालाय. लोक फोनवर जय भीम घालतात, पलीकडून गप्प. रखमाबाई तर म्हणाल्या, आता तिच्या दारात पाय ठेवणार नाही."

रखमाबाई तांबे म्हणजे शिवडीच्या महिला मंडळाच्या प्रमुख आणि आत्याची पोरवयातली मैत्रीण. केंद्राची पहिली सोयरीक त्यांच्या घरात, त्यांच्या स्टोव्हवरच्या चहावर ठरली होती. मेळाव्याची अर्धी गर्दी त्या आणतात आणि सगळ्या खुर्च्याही त्यांच्याच मंडळाच्या. दरवर्षी मेळाव्याआधी केंद्राच्या फोनवर त्यांचा फोन येतो. पूर्ण संभाषण असं: "जय भीम. खुर्च्या किती?" आत्या आकडा सांगते, फोन संपतो. यंदा तो आलेला नाही.

आत्याला सांगू कसं? जिने आयुष्यभर पोस्टमनपासून नगरसेवकापर्यंत कुणाचा जय भीम खाली पडू दिला नाही, तिला सांगू की लोक तुला गर्विष्ठ म्हणतात? मी मेथीची जुडी घेऊन घरी आले आणि ती निवडत बसले.

२७ जानेवारी, सोमवार

आत्याने जेवताना सांगितलं, मेळावा झाला की केंद्र बंद.

"का?"

"वय झालं."

गेल्या आठवड्यापर्यंत झालेलं नव्हतं. आज सकाळीही ती चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण स्वतः ढकलत होती. मी तसं म्हटल्यावर तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आमच्या घरात विषय असा संपतो.

तिला कळलं असावं. नाहीतर रखमाबाईंच्या फोनची वाट बघून दमली असावी. मी म्हटलं, "तूच कर ना त्यांना." ती म्हणाली, "केंद्र कुणाला फोन करत नाही." बंद होणाऱ्या केंद्राचे नियम किती कडक!

मला वाईट वाटतंय, हे इथे लिहायला हरकत नाही. ही खोली गेली तर आत्याकडे दिवसभर करायला काय उरेल, आणि माझ्याकडे काय उरेल, याचा मी विचार करत नाही असं मी ठरवलं आहे.

२९ जानेवारी, बुधवार

आत्याचा चौथा नियम: फाइलीतल्या माणसाला घरच्या कामाला लावायचं नाही. कपाटात प्लंबर आहेत, वकील आहेत, एक दातांचा डॉक्टर आहे, पण आत्याने दाढसुद्धा पैसे भरून दुसरीकडे काढली.

आज मी नियम मोडला. 'नेटवर्क' शब्द कुठे वाचला होता ते आठवलं, आणि आत्या आंघोळीला गेल्यावर विकास गमरेला माझ्या मोबाईलवरून फोन लावला. म्हटलं, केंद्रातून बोलतेय, आमच्या फोनमध्ये आवाजाची अडचण आहे.

तो म्हणाला, "हो, माहितीय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"शनिवारी येतो. सुट्टी असते." आणि ठेवला. शांतता आवडते त्याला, फाइलीत लिहिलंच आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज बरंच लिहायचं आहे.

विकास गमरे वेळेवर आला. फोटोपेक्षा बरा दिसतो, म्हणजे फोटोवाल्याचाच दोष. आत्याने माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला, पण पाहुणा दारात, त्यामुळे जय भीम झाला, खुर्ची पुढे झाली आणि तिने विचारलं, "काय घेणार? नाश्ता करून आलास का?"

"काहीही चालेल," तो म्हणाला, "उपमा सोडून."

विचित्र माणूस. उपम्याने याचं काय घोडं मारलंय? आत्याने पोहे केले. त्याने लॅपटॉप फायरवॉलला जोडला, पोहे संपवले, आणि मला म्हणाला, "तुम्ही बाहेर गल्लीत जा. तिथून केंद्राच्या नंबरवर फोन लावा. मी सांगेपर्यंत ठेवू नका."

"आणि करायचं काय?"

"ऐकायचं."

मी इस्त्रीवाल्याच्या टपरीशेजारी उभी राहिले आणि फोन लावला. घंटी गेली. आत्याने उचलला. नेहमीप्रमाणे थांबली. मी म्हटलं, "जय भीम, आत्या, मी बोलतेय." काही नाही. "आत्या!" काही नाही. इस्त्रीवाला वळून बघायला लागला. मग कानात तिचा आवाज आला, स्पष्ट, समोर बसल्यासारखा: "कोणी नाही रे. ठेवते बाजूला." आणि टेबलावर रिसीव्हर ठेवल्याचा टक आवाज.

तिला मी ऐकू येत नव्हते. मला ती येत होती. शब्द न् शब्द.

विकास तिला विचारत होता, "बाई, तुमच्या भाचीची फाइल कुठल्या कप्प्यात असते?" काय आगाऊ माणूस!

"तिची नाही. तशी तिची अट आहे."

"आणि केंद्र बंद करताय असं ऐकलं."

"करतेय. वय झालं."

"टाकीचं झाकण तुम्हीच ढकलता म्हणे." हे मीच त्याला सकाळी दारात सांगितलं होतं.

आत्या म्हणाली, "तुला म्हणून सांगते, तिच्याजवळ बोलू नकोस. हा फोन तिने आणला. तो बिघडला, हे मला काय कळत नाही? पण लोक फोनला नाव ठेवत नाहीत. म्हणतात, नवरा सोडलेली बाई आणून बसवली, तिच्या पायगुणाने केंद्र बसलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आणि पायगुण म्हणतात! माझ्या तोंडावर म्हणाली दोन जणं. तिच्या कानावर जायच्या आधी मीच कुलूप लावते. म्हातारी थकली म्हणतील. म्हणू देत. माझ्या म्हातारपणाला बोल लागला तर चालेल."

"त्यांना सांगून टाका की."

"काय सांगू? आली तेव्हा महिनाभर बोलत नव्हती ती. आता दिवसभर त्या डब्याशी भांडते, माणसांवर खवट बोलते, मला हसवते. तेवढं तिचं राहू दे. तोंडाची फाटकी आहे, पण माझं लेकरू आहे ते."

इस्त्रीवाल्याने विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, धूर लागला डोळ्यांत. त्याची इस्त्री विजेवर चालते.

मी परत आले तेव्हा आत्या कपाट आवरत होती. विकासने माझ्याकडे बघितलं नाही, स्क्रीनकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "कळलं ना, कसं आहे ते? बाहेरच्याला तुमचं सगळं ऐकू येतं. तुम्हाला बाहेरचं येत नाही."

मग त्याने समजावलं. इंटरनेट फोनची घंटी एका दाराने आत येते आणि बोलणं दुसऱ्या दारांनी. फायरवॉलने घंटीचं दार उघडं ठेवलं होतं, बोलण्याची बंद. आतून बाहेर जाणाऱ्याला ती अडवत नाही, बाहेरून येणाऱ्याला अडवते. वर आपला फोनचा डबा पलीकडच्याला पत्ता देत होता तो आतला, म्हणजे नुसता 'खोली नंबर तीन'. मुंबईत खोली नंबर तीन किती असतील? आणि 'एसआयपी एएलजी' नावाची एक सेटिंग, जी मदत करते असं डब्यावर लिहिलेलं आहे, ती मध्येच पत्ते खोडून आपल्या मनाने लिहीत होती. असे मदतनीस मी नात्यात पाहिले आहेत. त्याने ती बंद केली, फोनच्या डब्यात आमचा बाहेरचा खरा पत्ता भरला, आणि बोलण्याची दारं फक्त फोन कंपनीपुरती उघडली. बाकी जगाला ती बंदच.

"मग तुम्हाला," मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तेरा तारखेपासून. मी ओरडून सांगत होतो, तुमचा आवाज एकतर्फी आहे म्हणून." तो लॅपटॉप मिटत म्हणाला. "तुम्ही उपम्यावर होतात."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, पण भोईवाड्यात खाली सगळ्या पाइपलाइनी. मी काही तरी म्हणाले, काय ते आठवत नाही. तो म्हणाला, "उपमा वाईट नसतो हो. गरम असला तर." आणि गेला. शनिवारी शनिवारी सेटिंग तपासायला येईन म्हणाला. त्याच्या कंपनीचा तसा नियम असेल.

आता सगळं जागेवर बसलं. मोहिते. दीपिकाची आई. ज्याने ज्याने स्वतःबद्दल ऐकलं, तो ते बोलून दाखवेना. ज्यांना आपला जय भीम खाली पडलेला दिसला, ते फिरकले नाहीत. माझा फॉर्म कुणीही वाचलेला नाही. आणि आतलं काहीही बाहेर जाऊ नये म्हणून आणलेल्या डब्याने आम्ही दोघी टेबलाशी बसून जे जे बोललो, ते ते गावभर पोचवलं होतं.

फोनमधला पंधरा तारखेचा तो अनोळखी नंबर मी काढला आणि आत्याच्या मोबाईलमध्ये ताडून पाहिला. रखमाबाईंचा. त्यांनी काय ऐकलं असेल ते मला आठवतंय. 'कोणी नाही.' 'कामधंदा नसेल एखादीला.'

आत्याला सगळं सांगितलं. गल्लीत उभी राहून मी काय ऐकलं ते सोडून. ती नखं बघत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे ते म्हणत होते."

"काय?"

"जय भीम. सगळे म्हणत होते. आणि मी घेतला नाही."

मी म्हटलं, फायरवॉलने घेतला नाही. तिने मान हलवली. "कान माझा होता," ती म्हणाली, आणि जेवली नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आत्या पांढरी साडी नेसून, केस विंचरून, समारंभाला बसावं तशी फोनसमोर बसली. "लाव," म्हणाली.

"कुणाला?"

"ज्यांचे ज्यांचे आले त्या सगळ्यांना."

"केंद्र कुणाला फोन—"

"लाव म्हटलं ना."

मी लावत गेले. पलीकडे कुणी उचललं की आत्या थांबत नव्हती. समोरच्याने हॅलो म्हणायच्या आत हिचा जय भीम पोचलेला असायचा. "जय भीम, जाईबाई बोलतेय. आमचा फोन बहिरा झाला होता. तुमचा जय भीम माझ्यापर्यंत आला नाही, तो आज घेतेय." लोक आधी गोंधळत, मग पाघळत. मोहिते तर रडायलाच लागले, आणि त्यांचा मुलगा आणि दीपिका रविवारी भेटतायत हे सांगून गेले. एकाने विचारलं, तुम्ही आमच्या मुलाला बोलभांड म्हणालात ते? आत्या म्हणाली, "ते फोनमुळे नाही. तो आहेच." पलीकडून हसण्याचा आवाज इतका मोठा आला की मला टेबलाशी ऐकू आला.

नवीन सवयी तिला जड जात असतील, पण आवाजात कळू देत नव्हती. फक्त एका नंबराला ती प्रत्येक वेळी म्हणायची, "तो नंतर." जेवण झालं, चहा झाला. नंतर कुणी उरलंच नाही.

मी न विचारता लावला. शिवडी.

उचलला. आत्या म्हणाली, "जय भीम."

काही नाही.

मी फायरवॉलचा स्क्रीन उघडला. विकासने दाखवून ठेवलं होतं: एक आकडा बाहेर जाणाऱ्या आवाजाचा, एक आत येणाऱ्याचा. दोन्ही पळत होते. तेवढ्यात रिसीव्हरमधून कुकरची शिटी ऐकू आली. शिवडीच्या स्वयंपाकघरातली, स्वच्छ. म्हणजे लाइन ठणठणीत होती. पलीकडे रखमाबाई उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं, आणि त्या बोलत नव्हत्या. एवढी वर्षं आत्या सगळ्यांना जशी थांबवत आली, तशा त्या हिला थांबवत होत्या.

मी खुणेने विचारलं, ठेवू? आत्याने हात वर केला.

"जय भीम, रखमा," ती परत म्हणाली. "त्या दिवशी 'कोणी नाही' म्हटलं, ते मला तू ऐकू आली नाहीस म्हणून. तू कोणी नाहीस तर मग माझं आहे कोण?"

दुसरी शिटी झाली. मग कुणीतरी गॅस बंद केला.

"जय भीम," रखमाबाई म्हणाल्या. "खुर्च्या किती, ते सांग. केंद्र बंद करतेस म्हणे, तर या मेळाव्यापुरत्या आणायच्या का कायमच्या तिथेच ठेवायच्या, तेही सांग. उगाच फोन अडवून बसू नकोस."

आत्याला आकडा सांगता येईना. तिने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर हमसून हमसून रडली. मग माझा हात धरून म्हणाली, "बंद नाही करत. तू आहेस ना?"

मी घाईघाईने रिसीव्हरकडे बोट दाखवलं. कुजबुजले, "आत्या, त्या ऐकतायत."

"ऐकू दे," ती म्हणाली.